इस्माईल म्हणजे काय हो, सर?

रमजानच्या चौथ्या रोजाला माझ्या पुतण्याला मुलगा झाला. थोरल्या भावाने दवाखान्यातच बाळाच्या उजव्या कानात हळू आवाजात अजान दिली. जन्मलेल्या मुलाने जगात आल्यावर आधी हे ऐकावे, अशी आमच्याकडची रीत आहे. सातव्या दिवशी अकीका ठरला. रोजे असल्यामुळे जेवणाचा बेत मगरीबनंतरचा होता, पण समोरच्या वहिनी दुपारीच आल्या. हातात बाळाची कुंची, दोन झबली आणि बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळाला मांडीवर घेत त्यांनी विचारले, "नाव काय ठरलं?"

"इस्माईल," अम्मी म्हणाली. अम्मी पंचाऐंशीच्या पुढे आहे. घरातल्या नावांवर शेवटचा शब्द तिचाच.

"छान आहे. अर्थ काय त्याचा?"

"पैगंबराचं नाव आहे," भाभींनी सांगितले.

"ते माहीत आहे हो. पण अर्थ?"

घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "इस्माईल म्हणजे काय हो, सर?"

मी तीस वर्षे शाळेत भाषा शिकवली आहे. वर्गातल्या मुलांना त्यांच्या नावांचे अर्थ विचारणे हा माझा आवडता उद्योग होता. पण आपल्याच घरात चार पिढ्या फिरत आलेल्या नावाचा अर्थ मी कधी धडपणे तपासला नव्हता. आमच्याकडे असेच होते. बारशाला नाव निवडताना हिंदू घरात अर्थावर चर्चा होते. आम्ही पैगंबराचे नाव म्हटले की पुढे विचारत नाही. "संध्याकाळी सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली.

खरे तर त्या नावावर घरात दुसरेही एक प्रकरण चालू होते. पुतण्या मोठ्या शहरात नोकरी करतो. त्याला हे नाव नको होते. आदल्या रात्री तरावीहहून परतताना तो मला म्हणाला, "चाचा, भाड्याने घर शोधताना मी सोळा ठिकाणी फोन केले. नाव सांगेपर्यंत सगळं व्यवस्थित असतं. नाव सांगितलं की पलीकडचा माणूस गप्प होतो. मग म्हणतो, बघतो, कळवतो. माझ्या पोरानं पण हेच ऐकायचं का? काहीतरी छोटं, कुठेही खपेल असं नाव ठेवू." त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मी त्याला म्हणू शकलो नाही. आजीपुढे मात्र तो काही बोलला नाही.

तेव्हा त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही दिवसांत जे वाचले, पडताळले, ते वहिनींसाठी आणि पुतण्यासाठीही इथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इस्माईल हे नाव मुळात अरबी नाही. हे ऐकून आमच्यातल्याच अनेकांना आश्चर्य वाटेल. अरबी व्याकरणाचे जुने पंडित हे पक्के जाणून होते. अरबी नामांना शेवटी जे प्रत्यय लागतात ते सगळे इस्माईल, इब्राहीम, याकूब या नावांना लागत नाहीत, आणि याचे एक कारण ते व्याकरणात देतात, की ही नावे 'अजमी' म्हणजे अरबेतर आहेत. मदरशात व्याकरण शिकणाऱ्या मुलाला हा नियम पहिल्या एकदोन वर्षांतच घोकावा लागतो. नाव आले ते हिब्रूतून. मूळ रूप 'यिश्माएल'. मराठी बायबलमध्ये ते 'इश्माएल' असे छापतात, म्हणजे आमच्या 'इस्माईल'पेक्षा मराठी बायबलचा उच्चार मुळाला जवळचा आहे.

या नावाचे दोन तुकडे पडतात. 'यिश्मा' म्हणजे ऐकतो किंवा ऐकेल, आणि 'एल' म्हणजे देव. देव ऐकतो. हिब्रूच्या जुन्या क्रियापदात आत्ताचा आणि पुढचा काळ असा काटेकोर भेद नसतो, त्यामुळे 'देव ऐकेल' हाही अर्थ त्यातच आहे. इस्माईलचे धाकटे भाऊ इसहाक. त्यांचे नाव त्याच साच्यातले, 'यित्सहाक', म्हणजे तो हसतो. एका भावाच्या नावात ऐकणे, दुसऱ्याच्या नावात हसणे.

यातला 'एल' तुम्हाला ओळखीचा वाटेल. डॅनियल, मायकल, गॅब्रिएल, इमॅन्युएल ही आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची नावे याच 'एल'वर संपतात. आमचे फरिश्ते जिब्राईल आणि मीकाईल म्हणजे तेच गॅब्रिएल आणि मायकल.

आणि 'ऐकणे' हा धातू तर अरबीत जसाच्या तसा आहे. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या चुलत बहिणी. हिब्रूत जिथे 'श' येतो तिथे अरबीत बहुधा 'स' येतो. हिब्रू 'शालोम', अरबी 'सलाम'. हिब्रू 'शेम', अरबी 'इस्म', दोन्हींचा अर्थ नाव. तसेच हिब्रू 'शामा' आणि अरबी 'समिआ', ऐकले. मुशायऱ्यात सूत्रसंचालक श्रोत्यांना 'सामईन' म्हणतो तो शब्द इथूनच आला, आणि कव्वालीच्या मैफलीला 'समा' म्हणतात तोही. अल्लाहच्या नावांपैकी एक 'अस्समीअ', सगळे ऐकणारा.

इथे मला स्वतःचीच लाज वाटली. नमाजमध्ये रुकू म्हणजे कमरेतून वाकणे झाले की इमाम सरळ उभे राहताना एक वाक्य मोठ्याने म्हणतात. त्याचा आशय असा की, जो अल्लाहची स्तुती करतो त्याचे अल्लाह ऐकतो. ते वाक्य सुरूच होते 'समिआ' या शब्दाने, आणि लगेच पुढे 'अल्लाह'. ऐकतो, अल्लाह. म्हणजे अर्थाने पाहिले तर तेच नाव. रमजानमध्ये तरावीहच्या वीस रकातींत हे वाक्य वीस वेळा कानावर पडते. साठ वर्षे ऐकतो आहे, पण घरातल्या नावाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

जुन्या तफसीरकारांना मात्र हा संबंध दिसला होता. तेराव्या शतकातले कुर्तुबी आपल्या तफसीरमध्ये एक व्युत्पत्ती नोंदवतात. हजरत इब्राहीम (अलै.) मुलासाठी दुआ मागताना 'इस्मा', म्हणजे 'ऐक, देवा', असे म्हणत आणि मुलगा झाल्यावर त्याचेच नाव ठेवले गेले. भाषाशास्त्राच्या काट्यावर हे थोडे इकडेतिकडे होईल, पण अर्थाची नाडी बरोबर सापडली आहे. कुरआनमध्येही जिथे म्हातारपणी इस्माईल आणि इसहाक दिल्याबद्दल इब्राहीम आभार मानतात, तिथे ते आपला पालनकर्ता दुआ ऐकणारा आहे असे म्हणतात. काबागृहाचा पाया उचलताना पितापुत्र जी प्रार्थना करतात तिच्या शेवटीही 'अस्समीअ' हेच नाव आले आहे. शेजारी इस्माईल उभे आहेत आणि ओठांवर त्यांच्या नावाचा अर्थ आहे.

पण हे नाव पहिल्यांदा ठेवायला कोणी सांगितले आणि कोणाला सांगितले, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात ती सविस्तर आहे. अब्राहामाची पत्नी सारा हिला मूल नव्हते. तिची एक मिसरी दासी होती, हागार. आमच्या बीबी हाजरा त्याच. साराने आपली दासी नवऱ्याला दिली. दासी गरोदर राहिली, दोघींमध्ये बिनसले, मालकिणीने जाच सुरू केला आणि ही गरोदर बाई घर सोडून वाळवंटात पळाली. एका झऱ्यापाशी देवदूताने तिला गाठले. त्याने तिला परत जायला सांगितले, आणि हेही सांगितले की तुला मुलगा होईल, त्याचे नाव इश्माएल ठेव, कारण परमेश्वराने तुझे दुःख ऐकले आहे.

हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. नाव बापाला सांगितलेले नाही. एका परदेशी, मालकीच्या, पळून आलेल्या बाईला सांगितले आहे. त्या घरात तिचे ऐकणारे कोणी नव्हते, आणि मुलाच्या नावातच तिला पावती मिळाली की तुझे ऐकले गेले. तिनेही त्या ठिकाणी देवाला स्वतः एक नाव दिले, 'एल-रोई', पाहणारा देव. दासीने देवाला नाव द्यावे, असे प्रसंग धर्मग्रंथांत फार सापडत नाहीत.

पुढे मूल तेरा वर्षांचे असताना बापाने त्याच्यासाठी विनवणी केली, तेव्हाही देवाचे उत्तर आले की इश्माएलविषयी मी तुझे ऐकले आहे. मूळ हिब्रूत इथे नाव आणि क्रियापद अगदी शेजारी येतात, म्हणजे तो चक्क शब्दांचा खेळ आहे. तिसऱ्यांदा हा शब्द येतो तो प्रसंग अवघड आहे. इसहाक जन्मल्यावर हागार आणि तिचा मुलगा यांना घराबाहेर काढले जाते. सोबत थोडी भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी. पाणी संपते. मुलाला झुडपाखाली टाकून आई बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवत नाही. ती रडते. पण मजकूर सांगतो की देवाने ऐकला तो मुलाचा आवाज. या साऱ्या प्रकरणात इश्माएल हे नाव एकदाही आलेले नाही. त्याला 'दासीचा मुलगा' म्हटले आहे, 'पोर' म्हटले आहे. घरातून काढले तेव्हा जणू नावही काढून घेतले. आणि तरी तिथेच, 'देवाने ऐकले' या शब्दांत ते नाव पुन्हा उमटते.

हे मी अम्मीला वाचून दाखवले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "हाजराबीबीची गोष्ट मला काय सांगतोस."

तिला ठाऊक आहे ती गोष्ट मक्केची. सहीह बुखारीत इब्ने अब्बास यांच्याकडून ती आली आहे. इब्राहीम बीबी हाजरा आणि तान्ह्या इस्माईलला मक्केच्या निर्जन खोऱ्यात आणून सोडतात. जवळ खजुराची थैली आणि पाण्याची पखाल. ते परत फिरतात तेव्हा हाजरा विचारते, हा अल्लाहचा हुकूम आहे का? ते हो म्हणतात. मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, असे म्हणून ती मागे वळते. पाणी संपल्यावर ती सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या धावते. शेवटच्या फेरीत तिला एक आवाज ऐकू येतो, आणि ती स्वतःलाच म्हणते, गप्प, ऐक. मग तिला दिसते की बाळाजवळ फरिश्ता उभा आहे आणि जमिनीतून पाणी फुटले आहे. तोच जमजम. बायबलमध्ये देव ऐकतो, इथे आईसुद्धा कान देते. आज हज आणि उमऱ्याला जाणारा प्रत्येक जण, राजा असो की रिक्षावाला, त्या दासीच्या पावलांवर सात फेऱ्या घालतो. ते अंतर तीन किलोमीटरहून जास्त भरते. अम्मीने त्या फेऱ्या चाकांच्या खुर्चीत बसून पूर्ण केल्या होत्या.

दोन्ही ग्रंथांत पुढे फरक आहेत, कुर्बानीच्या कथेत तर मोठाच, पण तो आजचा विषय नाही. मला एवढेच लक्षात ठेवावेसे वाटते, की बायबलप्रमाणे अब्राहाम वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल दोघांनी मिळून बापाला पुरले.

हे नाव यहुद्यांनी त्या काळी परके मानले नव्हते. दुसऱ्या शतकातले रब्बी इश्माएल हे त्यांच्या सर्वांत आदरणीय धर्मपंडितांपैकी एक. तोराचा अर्थ कसा लावायचा याचे त्यांचे तेरा नियम आजही यहुद्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात. पुढे नाव अरबांचे, मुसलमानांचे ठरले आणि यहुदी घरांतून जवळजवळ नाहीसे झाले. युरोपात तर इश्माएल म्हणजे घराबाहेर काढलेला, भटका असाच अर्थ रूढ झाला. हर्मन मेलव्हिलच्या 1851 सालच्या 'मोबी-डिक' कादंबरीतला निवेदक पहिल्याच ओळीत वाचकांना स्वतःची ओळख याच नावाने करून देतो, ती या अर्थाने. बेघरपण सगळ्यांच्या लक्षात राहिले, ऐकणे मात्र मागे पडले.

'शामा' या धातूची दुसरी नावे मात्र यहुदी आणि ख्रिस्ती घरांत राहिली, आणि त्यातले एक थेट आपल्या कोकणात येते. याकोबाची पत्नी लेआ हिने, देवाने माझे ऐकले म्हणून मुलाचे नाव 'शिमोन' ठेवले. आजचा सायमन तो हाच. 'शमुवेल', म्हणजे सॅम्युएल, या नावाचा अर्थ भाषातज्ज्ञ 'देवाचे नाव' असाही लावतात, पण बायबलमधली त्याच्या आईची, हन्नाची, गोष्ट आहे ती ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेचीच.

रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएलींनी ही नावे मराठी करून टाकली. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा अब्राहाम झाला आबाजी, इसहाक झाला इसाजी, शमुवेल झाला सामाजी. या समाजात असे सांगतात की प्रार्थना विसरल्या, ग्रंथ हरवले, पण एक वाक्य टिकून राहिले, ते म्हणजे 'शेमा'. यहुदी श्रद्धेचे ते मूळ वाक्य 'ऐक' या शब्दाने सुरू होते. पुन्हा तोच धातू.

सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. त्यांच्या समाजातली आख्यायिका अशी की, हे बेने इस्राएल आहेत, कुरआनमध्ये यांचे नाव वाचले आहे, पण माणसे कधी पाहिली नव्हती, असे म्हणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली. सुटका झाली तर प्रार्थनागृह बांधीन असा त्यांचा नवस होता म्हणतात. 1796 मध्ये त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव 'शार हारहमीम', दयेचे दार. यातल्या 'रहमीम'मध्ये आमचे 'रहमान' आणि 'रहीम' ऐकू येत नसतील तर कान तपासून घ्यावेत. ज्या मोहल्ल्यात ते आहे तिथे आज बहुतांश मुस्लिम वस्ती आहे, आणि जवळच्या एका रस्त्याचे नाव सॅम्युएल स्ट्रीट.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पंडिता रमाबाई केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल मुळातून मराठीत आणले. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये टाकून दिलेल्या विधवा आणि दुष्काळातल्या पोरक्या मुली होत्या. हागारच्या प्रकरणाचे भाषांतर करताना त्यांच्या अंगणात कोण वावरत असेल, हे मी मनाशी बरेच वेळा पाहिले.

आता रमजान. कुरआनमध्ये रोजांचे नियम सलग काही आयतींत सांगितले आहेत. कोणावर रोजा आहे, आजारी आणि प्रवासी यांनी काय करावे, पहाटेची वेळ कोणती. या सगळ्या हिशेबाच्या मधोमध अचानक एक आयत येते, तिच्यात रोजाचा शब्दच नाही. तिचा आशय असा: माझे दास तुला माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो. इतर ठिकाणी लोकांचा प्रश्न आला की पैगंबरांना बहुतेक वेळा 'तू सांग' असे म्हटलेले असते. इथे ते दोन शब्दही मध्ये नाहीत. उत्तर थेट आहे. इफ्तारच्या वेळी खजूर हातात धरून आम्ही दोन मिनिटे गप्प बसतो, त्या वेळची दुआ स्वीकारली जाते अशी श्रद्धा आहे. घरात एरवी सतत बोलणारी माणसेही तेव्हा ओठांतल्या ओठांत काही मागत असतात. कोण काय मागतो ते कोणी विचारत नाही.

पुतण्याला मी हे सगळे दोन रात्री थोडे थोडे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "चाचा, देव ऐकतो ते ठीक आहे. घरमालकाचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. सून मात्र बाळाला थोपटत होती, ती म्हणाली, "ती बाई पण घराबाहेरच होती ना, जेव्हा हे नाव मिळालं?" पुतण्या काही बोलला नाही. बराच वेळ तो पाळण्याकडे पाहत बसला.

वहिनींना अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला. "देव ऐकतो. अगदी सोपा आहे की. मग एवढे दिवस सांगितला का नाहीत?" त्यांच्या नातीला शाळेत 'माझ्या शेजारच्या बाळाचे नाव' यावर दहा ओळी लिहायच्या होत्या, हे मला नंतर कळले.

परवा नगरपालिकेत जन्मनोंदीचा फॉर्म भरायला पुतण्याबरोबर मीही गेलो. नावाची जागा रिकामी होती. खिडकीतल्या बाईंनी पेन उचलून विचारले. त्याने नाव सांगितले.

"ई ऱ्हस्व की दीर्घ?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मग तोच म्हणाला, "दीर्घ लिहा."